कोहलीला नाचवणारं अ‍ॅप आमच्या गावात आलं तेव्हा : खेळाडूंचे डान्स रिमिक्स बनतात कसे, ओळखायचे कसे?

रील्स उघडल्या की दर चार-पाच व्हिडिओंमागे एक तरी असा येतोच. कोहली हलगीच्या ठेक्यावर नाचतोय, रोनाल्डो कुणाच्या तरी वरातीत शिरलाय, नाहीतर आख्खी क्रिकेट टीम ‘झिंगाट’वर उड्या मारतेय. आपण हसतो, डबल टॅप करतो, ग्रुपवर टाकतो आणि पुढं सरकतो. मीपण हेच करायचो. खरं सांगायचं तर असे व्हिडिओ बनवायचोसुद्धा.

कोल्हापूरच्या विमानतळाला लागून असलेलं गडमुडशिंगी हे माझं गाव. आमच्या मंडळाचं इन्स्टाग्राम पेज मी सांभाळतो. त्या पेजसाठी मी एक बारा सेकंदांचा व्हिडिओ बनवला, आणि त्यामुळंच आज हा लेख लिहितोय. काय झालं ते पुढं सांगतोच. पण ते नीट कळायला आधी हे व्हिडिओ बनतात कसे ते समजून घेऊ. वरून सगळे सारखे दिसत असले तरी त्यात तीन वेगवेगळे प्रकार आहेत.

प्रकार १ : व्हिडिओ खरा, गाणं बदललेलं

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सोपा प्रकार. यात खेळाडू खरंच हललेला असतो, फक्त त्यामागचा आवाज दुसरा असतो.

१७ मार्च २०२३ ला मुंबईत वानखेडेवर भारत-ऑस्ट्रेलिया वनडे होती. ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळून चारच दिवस झाले होते. फील्डिंग करता करता कोहलीनं मैदानातच त्या गाण्याची स्टेप केली आणि ती क्लिप देशभर फिरली. अशी एक क्लिप हातात आली की एडिटरचं काम सुरू होतं. त्याच हालचालीखाली हलगी बसवा, लावणी बसवा, भोजपुरी बसवा, दर वेळी वाटतं की तो त्याच गाण्यावर नाचतोय.

हे जमतं कसं? साधं गणित आहे. समजा गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके आहे. म्हणजे सेकंदाला २ ठोके. व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एका ठोक्याला १५ फ्रेम येतात. आता खेळाडूचा पाय जिथं जमिनीवर पडतो ती फ्रेम शोधायची आणि ती बरोबर ठोक्यावर आणून ठेवायची. मधली हालचाल कमी पडली तर व्हिडिओ थोडा हळू करायचा, जास्त झाली तर थोडा पळवायचा. दोन-तीन ठोके जुळले की पुढचं काम आपला मेंदूच करतो. त्याला ताल ऐकू आला की तो समोरच्या हालचालीतही ताल शोधतो.

म्हणूनच नाच नसलेल्या गोष्टीसुद्धा नाच वाटतात. बॉलरचा रन-अप उलटा चालवला, की झाला डान्स. चढाईला गेलेल्या कबड्डीपटूचं मागं-पुढं होणारं पाऊल तर आयतंच तालात असतं. त्यात चढाई ३० सेकंदांची, म्हणजे रीलच्या मापाची! कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडते तेव्हा शड्डू ठोकणारा पैलवानही त्या तालातच वाटतो, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

यासाठी एआय लागत नाही. इनशॉट किंवा व्हीएनसारखं साधं एडिटिंग अ‍ॅप आणि अर्धा तास पुरतो. मी पहिला व्हिडिओ असाच बनवला होता.

प्रकार २ : नाच दुसऱ्याचा, चेहरा खेळाडूचा

यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे डेव्हिड वॉर्नर. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तो बायकोसोबत ‘बुट्टा बोम्मा’वर टिकटॉकवर नाचला आणि भारतात, खासकरून हैदराबादकडं, जाम फेमस झाला. तो नाच खरा होता. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली. त्यानंतर वॉर्नर इन्स्टाग्रामवर वेगळाच खेळ खेळायला लागला. रिफेस नावाचं अ‍ॅप वापरून तेलुगू आणि हिंदी सिनेमातल्या हिरोंच्या अंगावर तो स्वतःचा चेहरा चिकटवायचा.

हे अ‍ॅप आधी चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू शोधतं. डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, ओठांच्या कडा, जबड्याची रेषा वगैरे. मग ते दोन गोष्टी वेगळ्या काढतं : हा माणूस कोण आहे, आणि तो चेहऱ्यानं काय करतोय. ‘कोण’ वॉर्नरचं घ्यायचं, ‘काय करतोय’ हिरोचं घ्यायचं, आणि प्रत्येक फ्रेममध्ये नवा चेहरा रंगवायचा. अंग, कपडे, हात-पाय हे सगळं मूळ माणसाचंच राहतं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळा विषय शेवटी तिच्यावरच येणार आहे. वॉर्नर हे *स्वतःच्या* चेहऱ्याचं, *स्वतःच्या* अकाउंटवर करत होता.

प्रकार ३ : एक फोटो द्या, माणूस नाचवून घ्या

हा सगळ्यात नवा आणि सगळ्यात अवघड प्रकार. याला मोशन ट्रान्सफर म्हणतात, म्हणजे एकाची हालचाल दुसऱ्याच्या अंगात घालायची.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘एव्हरीबडी डान्स नाऊ’ नावाचा पेपर काढला. त्यांची युक्ती अशी होती. नाचणाऱ्याच्या व्हिडिओतून त्याचे खांदे, कोपरं, गुडघे, घोटे असे सांधे शोधायचे आणि प्रत्येक फ्रेमचा एक काडीचा माणूस बनवायचा, आपण लहानपणी पाटीवर काढायचो तसा. मग त्या काडीच्या माणसावर दुसऱ्याच कुणाचं तरी अंग चढवायचं.

पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्या असतील तर पटकन कळेल. दोऱ्या ओढणारा हात एकाचा, नाचणारी बाहुली वेगळी. इथं दोऱ्या मूळ डान्सरच्या आणि बाहुली म्हणजे तुमचा फोटो.

२०१८ मध्ये यासाठी ज्याला नाचवायचं त्याचं काही मिनिटांचं शूटिंग लागायचं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अलिबाबाच्या संशोधकांनी ‘अ‍ॅनिमेट एनीवन’ दाखवलं. त्यात *एकच फोटो* पुरत होता. २०२४ मध्ये व्हिगल नावाच्या अ‍ॅपनं ही गोष्ट सगळ्यांच्या हातात दिली. अमेरिकन रॅपर लिल यॉटी स्टेजवर उड्या मारत येतो ती क्लिप आठवते? तिच्यावर आधी जोकर बसवला गेला, मग जगभरातले नेते, खेळाडू, सगळेच. त्याच वर्षी मे महिन्यात, ऐन निवडणुकीत, मोदी आणि ममता बॅनर्जी दोघांचेही असे व्हिडिओ निघाले. मोदींनी आपला व्हिडिओ स्वतःच शेअर करून दाद दिली. ममतांच्या व्हिडिओवरून मात्र कोलकाता पोलिसांनी पोस्ट करणाऱ्याला जाब विचारला. तंत्र तेच, प्रतिसाद दोन टोकांचे.

फोटोत माणसाची पाठ दिसत नाही, हाताची मागची बाजू दिसत नाही. मग वळल्यावर ती दिसते कशी? एआय अंदाज लावतं. हजारो व्हिडिओंवरून शिकलेलं असल्यामुळं तो अंदाज बऱ्यापैकी बरोबर वाटतो. थोडक्यात, जे घडलंच नाही ते घडलं असतं तर कसं दिसलं असतं, याचं हे चित्र असतं.

आमच्या गावात काय झालं

आता माझी गोष्ट. कोहलीचा हलगीवरचा व्हिडिओ पेजवर बऱ्यापैकी चालला. ग्रुपवर मेसेज आला, “भावा, नाद खुळा! आता आपल्या पोरींचं बनव की एक.” गावातल्या मुलींच्या कबड्डी संघानं त्याच आठवड्यात शाळांची स्पर्धा जिंकली होती. कॅप्टनचा ढाल हातात घेतलेला फोटो आमच्याच पेजवर होता, आमच्याच ग्राउंडवर काढलेला. मी तो एका अ‍ॅपमध्ये टाकला, तयार टेम्प्लेटमधला एक डान्स निवडला, आणि दोन-तीन मिनिटांत बारा सेकंदांचा व्हिडिओ हातात आला. त्यात घाण असं काही नव्हतं. मला तर ते कौतुकच वाटलं. ग्रुपवर टाकला, हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ माझ्याकडं दुसऱ्याच ग्रुपमधून परत आला. वर दोन बाण आणि ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’. गाणं कुणीतरी बदललं होतं आणि खाली एक ओळ लिहिली होती. ती ओळ इथं लिहीत नाही.

रात्री तिचे वडील घरी आले. ओरडले नाहीत. फोन माझ्यापुढं धरला आणि विचारलं, “हे आपल्याच ग्राउंडवर हाय न्हवं? कधी केलं हिनं हे?”

मी गप्पच झालो. त्यांना तो व्हिडिओ *खरा* वाटला होता. का वाटू नये? कोहलीचा चेहरा सगळ्या जगाला माहीत आहे, तो कुठल्या ग्राउंडवर काय करतो हेही माहीत आहे, म्हणून त्याचा व्हिडिओ बघताना गंमत आहे हे आपोआप कळतं. इथं अ‍ॅपनं मागचं ग्राउंड फोटोतलंच ठेवलं होतं. भिंत ओळखीची, जर्सी ओळखीची, पोरगी घरची. खोटं असायचं कारणच कुठं दिसत नव्हतं. मी मोबाइलवर मूळ फोटो आणि टेम्प्लेट दोन्ही दाखवलं तेव्हा त्यांना पटलं. पण पाहुण्यांपैकी ज्यांच्याकडं तो पोचला होता, त्या प्रत्येकाला कोण दाखवणार?

आठ-दहा दिवस ती ग्राउंडवर आली नाही. मी माफी मागायला गेलो तेव्हा म्हणाली, “दादा, मी कबड्डी खेळतो. लोकं आता ढालीचं इचारत न्हाईत, नाचाचं इचारत्यात.” (आमच्याकडं मुली ‘खेळतो, जातो’ असंच बोलतात.)

मी ग्रुपवरचा व्हिडिओ ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केला. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ही सोय साधारण दोन दिवसांपर्यंतच चालते, आणि ती फक्त *तुम्ही* पाठवलेला मेसेज काढते. पुढं गेलेल्या कॉपीला ती हात लावत नाही. दोन बाण आल्यावर व्हॉट्सअ‍ॅप तो मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं, त्यानं वेग कमी होतो, पण थांबत काही नाही. शिवाय मेसेज एन्क्रिप्टेड असतात, त्यामुळं कंपनीलाही तो कुठं कुठं गेला ते बघून उचलता येत नाही.

हा लेख लिहिण्याआधी मी तिला आणि तिच्या घरच्यांना विचारलं. नाव आणि फोटो कुठंही येणार नाही, या अटीवर त्यांनी हो म्हटलं.

खरा की बनवलेला, ओळखायचं कसं?

व्हिडिओ हळू करून, शक्य असेल तर मोठ्या स्क्रीनवर बघा.

- पाय बघा. मोशन ट्रान्सफरमध्ये पाय जमिनीवर टेकल्यावरही जरासे घसरतात, बर्फावर उभं राहिल्यासारखे. सावलीही पायाला जुळत नाही.
- हात चेहऱ्यासमोरून जातो तो क्षण बघा. चेहरा बदललेला असेल तर तिथं कडा थरथरतात. मान आणि गालाचा रंगही वेगळा दिसतो.
- जर्सीवरची अक्षरं बघा. वळताना नंबर वितळतो, नाव बदलतं, पट्टे कमी-जास्त होतात.
- वेणी, कानातलं, बोटं. उडी मारल्यावर वेणी हलते का? कानातलं मध्येच गायब होतं का? बोटं पाचच आहेत ना?
- मागचं दृश्य. माणूस जोरात नाचतोय आणि मागचं पान नि पान स्थिर, तर शंका घ्या.

पण खरं सांगू? या खुणा दर काही महिन्यांनी कमी होत चालल्यात. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरताना व्हिडिओ इतका दाबला जातो की बारीक खुणा त्यातच पुसल्या जातात. म्हणून डोळ्यांपेक्षा एक सवय जास्त कामाची आहे : *मूळ शोधा.* एका फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सला द्या. मूळ फोटो किंवा मूळ क्लिप सापडली की निकाल लागतो. खेळाडूचा व्हिडिओ असेल तर त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर आहे का ते बघा. माझ्या प्रकरणात मूळ फोटो मंडळाच्या पेजवरच होता. कुणी शोधला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. कुणीच शोधला नाही.

सचिन ‘हे खोटं आहे’ म्हणू शकतो. आपण?

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एक व्हिडिओ फिरला. त्यात तो एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करत होता आणि आपली मुलगी त्यातून पैसे कमावते असं सांगत होता. चेहरा आणि आवाज दोन्ही बनावट होते. १५ जानेवारीला सचिननं स्वतः एक्सवर तो खोटा असल्याचं जाहीर केलं, देशभर बातम्या झाल्या, मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. डिसेंबर २०२५ मध्ये सुनील गावसकर आपलं नाव आणि चेहरा परवानगीशिवाय वापरला जातोय म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

सचिनच्या एका पोस्टला जेवढे लोक बघतात, तेवढे खोटा व्हिडिओ बघणाऱ्यांनाही गाठतात. गावातल्या खेळाडूकडं ना ब्लू टिक, ना वकील, ना पत्रकार. तिचा खुलासा शेजारच्या गल्लीपर्यंतही पोचत नाही. तंत्र दोघांसाठी एकच आहे, बचाव मात्र एकाकडंच आहे.

कोल्हापूरला ट्रिक सीन काही नवीन नाहीत. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’तला कीचकवध शंभर वर्षांपूर्वी इतका खरा वाटला होता की लोक हादरले होते म्हणतात. पण त्यात कीचक झालेल्या नटाला आपलं काय होणार ते माहीत होतं, आणि बघणाऱ्यानं सिनेमाचं तिकीट काढलं होतं. माझ्या बारा सेकंदांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

तुमचा असा व्हिडिओ निघाला तर काय कराल?

१. घाबरून लगेच सगळं डिलीट करू नका. आधी पुरावा ठेवा : व्हिडिओ, तो टाकणाऱ्याचं अकाउंट किंवा नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट.

२. मूळ फोटो किंवा क्लिप शोधून ठेवा. घरच्यांना पटवायला आणि पोलिसांना दाखवायला तीच सगळ्यात उपयोगी पडते.

३. प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करा. २०२१ च्या आयटी नियमांनी असं ठरवलं की, मॉर्फ केलेल्या चित्रांतून कुणाचं सोंग घेतलं असेल किंवा नग्नता असेल, तर त्या व्यक्तीनं किंवा तिच्या वतीनं कुणी तक्रार केल्यापासून २४ तासांत तो मजकूर काढायची पावलं कंपनीनं उचलायची. स्वतः रिपोर्ट करणं जमत नसेल तर घरातल्या कुणाला करायला सांगा.

४. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असेल तर अ‍ॅडमिनला सांगा. अ‍ॅडमिन इतरांचे मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो.

५. अश्लील असेल, धमकी असेल किंवा पैसे मागत असतील तर थांबू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० ला फोन करा. आयटी कायद्याच्या कलम ६६डी नुसार दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं आणि कलम ६७ नुसार अश्लील मजकूर पसरवणं, दोन्ही गुन्हे आहेत. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल तर कायदा आणखी कडक आहे.

आणि बनवायचाच असेल तर?

बनवा की. मीपण अजून बनवतो. प्रकार १ मध्ये मजा आहे, शिकायला आहे, ताल पकडायला डोकं लागतं. फक्त आमच्या मंडळानं आता तीन गोष्टी ठरवल्यात. गावातल्या कुणाचाही फोटो एआय अ‍ॅपमध्ये टाकायचा तर आधी त्या माणसाला *बनवलेला व्हिडिओ दाखवून* विचारायचं, नुसतं “टाकू का?” म्हणून नाही. अठराच्या आतल्या कुणाचा टाकायचाच नाही. आणि एआयनं बनवलेलं असेल तर ‘एआय’ असं व्हिडिओच्या *आत* लिहायचं, कॅप्शनमध्ये नाही. कारण फॉरवर्ड होताना कॅप्शन गळून पडतं, चित्रातली अक्षरं तशी सहज निघत नाहीत.

ती आता परत खेळायला येते. चढाई अजून तशीच आहे, समोरच्याला कळायच्या आत हात लावून मागं. पण मॅचला कुणी मोबाइल वर धरला की ती अजून मान फिरवते. मागच्या मॅचला मी फोटो काढायच्या आधी लांबूनच हात वर करून विचारलं. तिनं थोडा वेळ बघितलं, आणि मग ‘काढ’ अशी मान हलवली.